शार्दूलच्या वडिलांस

शाहपुरा, भोपाळ
५ ऑगस्ट २०२५

श्री. अजिंक्य यांस,

पत्राला मायना काय घालावा याच विचारात माझा चहा गार झाला. जावई लिहावं तर घटस्फोटाचा अर्ज कोर्टात पडून आहे. नुसतं नाव लिहावं तर तेवढी सलगी आता उरलेली नाही. तेव्हा 'यांस'वर भागवतो.

परवा रविवारी तलावाकाठच्या बागेत जे झालं ते तुम्ही विसरला नसाल. मीही विसरलेलो नाही. तुम्ही आलात, माझ्या कडेवरून शार्दूलला सरळ ओढून घेतलंत आणि पिशवीतून ते माकड काढलंत. बॅटरीवर टाळ्या पिटणारं, डोळे लाल करणारं. चौदा महिन्यांच्या मुलाने, ज्याने तुम्हाला याआधी कोर्टाच्या आवारात दोनदा पाहिलं आहे, काय करायला हवं होतं? त्याने किंकाळी फोडली. मग तुम्ही त्याच्या डोळ्यांसमोर मोबाईल धरलात. तो गप्प झाला खरा, पण मोबाईलकडे बघून. तुमच्याकडे त्याने पाहिलंही नाही. शेवटी सकाळचं फिरायला आलेल्या एक बाई म्हणाल्या, "भैया, बच्चा किसका है?" तेव्हा तुमचा चेहरा पडला आणि वेळ संपायच्या आधीच तुम्ही निघून गेलात.

आपला हिशोब स्पष्ट असलेला बरा. दर रविवारी सकाळी दोन तास, माझ्यादेखत, मूल तुमच्याबरोबर राहील असं कोर्टाने सांगितलं आहे. डिसेंबरमध्ये न्यायाधीश मला विचारणार की तुम्ही काय पाहिलंत. दोन्ही वकिलांनी याला होकार दिला, कारण तुमच्या वकिलांना वाटतं म्हातारा सरळ आहे आणि आमच्या वकिलांना वाटतं म्हातारा आपला आहे. मूल तुमच्याकडे रमत असेल तर ते तुमच्या घरी राहायला येईल. रमत नसेल तर महिन्यातून एकदा तासभर. म्हणजे थोड्या दिवसांनी ते तुम्हाला ओळखणारही नाही.

मी सिंचन खात्यात उभा जन्म नकाशे काढण्यात घालवला. जमीन जशी दिसेल तशी कागदावर उतरवायची, एवढंच मला येतं. कोर्टातही मी तेच करणार. परवासारखं दिसलं तर परवासारखं सांगेन. म्हणून हे लिहितो आहे. तुम्ही माझ्या मनातून उतरला आहात. आठव्या महिन्यात भांडण काढून मधुराला माहेरी आणून सोडलंत आणि परत फिरकला नाहीत, ते मी विसरणार नाही. पण शार्दूल तसा रडला ते मला बघवलं नाही.

मोबाईलवर काही लिहू नका, ते कोर्टात लागतं, अशी वकिलांची ताकीद आहे. कागदाबद्दल ते काही बोलले नाहीत. मी पत्र लिहितो आहे हे मधुराला सांगितलं आहे. ती म्हणाली, "लिहा, पण मला दाखवू नका."

तर पुढच्या रविवारी एवढंच करा. आल्यावर गवतावर बसा. बाकावर नको, खाली. त्याला घेऊ नका, हाक मारू नका, टक लावून बघू नका. घरात नवीन मांजर शिरलं की आपण जसे आपल्या कामात राहतो तसे राहा. बरोबर स्टीलच्या दोन वाट्या आणि एक चमचा आणा. वाटी वाटीत घाला, काढा, हळूच वाजवा. कंटाळा येईल. येऊ द्या. तो येईल.

हे मला कुठून कळलं असं तुम्हाला वाटेल. मधुराची आई, सुलभा, शार्दूलच्या जन्माआधीच गेली. मधुरा बँकेत जाते. त्यामुळे दिवसभर हे मूल आणि मी. सुरुवातीला शेजारच्या मंजूषाताईंनी मुलाला अंघोळ घालण्यापासून सगळं मला शिकवलं, बाकीचं त्यानेच शिकवलं.

उत्तराची अपेक्षा नाही.

नीळकंठ


१९ ऑगस्ट

श्री. अजिंक्य यांस,

वाट्या आणल्यात. पांढरी पँट घालून गवतावर बसलात हेही पाहिलं. कपड्यांची निवड चुकली, बाकी ठीक.

परवा तो आपण होऊन तुमच्यापाशी आला. तुमच्या गुडघ्यावर चमचा ठेवला आणि बघत उभा राहिला. तुम्हाला इतका आनंद झाला की तुम्ही तो चमचा उचलून खिशात घातलात. अहो, ती भेट नव्हती. तो खेळ होता. चमचा घ्यायचा, 'अरे वा' म्हणायचं आणि परत द्यायचा. तो पुन्हा देईल, तुम्ही पुन्हा द्यायचा. मोठ्या माणसाचं डोकं पिकेपर्यंत हे चालतं. दिलेली वस्तू परत मिळते, एवढं त्याला तुमच्याबद्दल कळलं की पुष्कळ झालं.

घरातली एक ओढणी रिकाम्या डब्यात कोंबा, टोक बाहेर ठेवा. ती ओढून काढण्यात त्याचा बराच वेळ जातो. चेंडू आणलात तर फेकू नका. समोरासमोर पाय पसरून बसा आणि घरंगळत सोडा. पानं, काटक्या, पाण्याचा मग, सगळं चालतं. दुकानातून काही आणायची गरज नाही. त्या माकडाचं काय केलंत?

आता एक गोष्ट मला आवडली नाही. जाताना तुम्ही तो कुत्र्याकडे बघत असताना गुपचूप सटकलात. तो रडेल या भीतीने, समजतं मला. पण त्याने मान वळवली तेव्हा जागा रिकामी होती. वाट्या होत्या, माणूस नव्हता. तो तुमच्यासाठी रडला नाही, तेवढी ओळख अजून कुठे आहे? पण घरी येईपर्यंत त्याने माझी कॉलर सोडली नाही. माणूस नजर चुकवून जातो हे कळलं की मूल नजर हलवायला घाबरतं. पुढच्या वेळी त्याच्यासमोर उभे राहा, हात हलवा, "टाटा, आता मी जातो, रविवारी येतो" म्हणा आणि मग जा. रडू दे. रडला तरी त्याला कळेल की तुम्ही सांगून गेलात.

आणि कुक करा त्याच्याशी. पंचा तोंडावर घ्यायचा आणि काढायचा. पोरखेळ वाटतो, पण गेलेला माणूस परत येतो हे मूल त्यातूनच शिकतं.

बारशाला तुम्ही आला नाहीत. आमंत्रणाची वाट बघत बसला होता, असं मागाहून कानावर आलं. जावयाला सासऱ्याने रीतसर बोलवायला हवं, उज्जैनला तुमच्याकडे तसंच करतात म्हणे. बापाला मुलाच्या बारशाचं आमंत्रण लागतं, हे आमच्या नागपूरकडच्या माणसांच्या डोक्यातही येत नाही. मी दारापाशी खुर्ची टाकून बसलो होतो. असो. हे इथे लिहायचं कारण नव्हतं.

नीळकंठ


९ सप्टेंबर

श्री. अजिंक्य यांस,

परवा तुम्ही मध्येच उठून तलावाकडे तोंड करून उभे राहिलात. मी दुसरीकडे बघायचं सोंग केलं, पण मी पाहिलं.

झालं ते साधं होतं. त्याला नुकते पाय फुटलेत. तुम्ही हात पसरून म्हणालात, "शार्दूल, बाबाकडे ये." तो लगेच उठला, दोन्ही हात वर करून डुलत निघाला, तुमच्या खांद्याला घासून पुढे गेला आणि माझ्या पायांना मिठी मारली. तुम्ही म्हणालात, "हा तर तुम्हालाच बाबा समजतो."

समजतोच. यात कुणी त्याला काही पढवलेलं नाही, मनात काही आणू नका. मधुरा मला बाबा म्हणते, तो दिवसभर तेच ऐकतो. आपल्याकडे कितीतरी घरांत असं होतं. काका लोक ज्याला दादा म्हणतात त्या बापाला मुलंही दादाच म्हणतात, आणि सगळे कौतुकाने हसतात. आमच्याकडेही शार्दूल मला बाबा म्हणाला तेव्हा कौतुकच झालं. पहिला शब्द होता तो. मी शेजारी जाऊन सांगून आलो होतो.

पण तुमच्या घरात ती हाक रिकामी पडून आहे आणि मी इथे ती वापरतो आहे, हे परवा दिसलं. मला ते बरं वाटलं नाही.

कालपासून मी आजोबा. आरशासमोर त्याला घेऊन उभा राहतो, स्वतःच्या नाकावर बोट ठेवतो आणि "आजोबा" म्हणतो. तो आरशातल्या मला बघून हसतो आणि "बाबा" म्हणतो. मग मी ओ देत नाही. हे काम वाटतं तितकं सोपं नाही. आज सकाळी मी भाजी चिरत होतो. तो मागून हाक मारत आला. मी गप्प. पुन्हा हाक मारली, धोतराला धरून ओढलं. मी तरी गप्प. मग तो खाली बसला आणि एकटाच वाट्या वाजवू लागला. मला सुरी ठेवून आत जावं लागलं.

मधुरा म्हणाली, "म्हणू द्या ना त्याला, एवढं काय बिघडतं?" मी कारण सांगितलं नाही. तिला कळलं असावं, कारण तिने पुन्हा विचारलं नाही.

तुमच्याकडून एवढं करा. काहीही करताना स्वतःचं नाव घेत जा. बाबा चेंडू देतो. बाबाने टोपी घातली. बाबा पाणी पितो. लोकांना वेड्यासारखं वाटेल, वाटू द्या. मात्र "म्हण, बाबा म्हण" असं त्याला बोलायला लावू नका. "हे काय? ते काय?" असंही विचारत सुटू नका. परीक्षा घ्यायला लागलं की मूल तोंड मिटून बसतं. तुम्ही सांगत राहा. त्याच्या वेळेला तो म्हणेल.

नीळकंठ


२४ सप्टेंबर

अजिंक्य,

तुझ्या वकिलाचा निरोप मिळाला. रविवारी मूल 'जाणूनबुजून आणलं नाही' म्हणून अर्ज देणार आहात.

शार्दूलला शनिवारपासून ताप होता. अंगाला हात लावला तर चटका बसत होता. रविवारी सकाळी मी त्याला घेऊन डॉक्टरकडे बसलो होतो आणि तू बागेत माझी वाट बघत, मनात वाट्टेल ते रचत बसला होतास. माझा निरोप तुझ्या वकिलाकडे सकाळीच गेला होता. त्याने तुला सांगितला नाही की तुझा विश्वास बसला नाही, ते तुमचं तुम्ही बघा.

तुझ्या मुलाला ताप आला आणि तू वकिलाला फोन केलास. मला करायचा होतास. तुझा नंबर मधुराने बंद केला आहे, मी नाही. घराखाली येऊन हाक मारली असतीस तरी मी गॅलरीत आलो असतो, पोराला खांद्यावर घेऊन दाखवलं असतं. पण तुला तुझा मान पडला मोठा. बारशाला हेच, आताही हेच. कुणी बोलावलं नाही म्हणून तू तुझ्या मुलाच्या आयुष्यात किती दिवस दाराबाहेर उभा राहणार आहेस?

आता ताप उतरला आहे. तापात मूल खेळत नाही. त्याला छातीवर घेऊन नुसतं बसून राहायचं असतं, पाय भरून आले तरी. थोडं थोडं पाणी पाजत राहायचं. जेवणासाठी मागे लागायचं नाही. ताप गेल्यावर मऊ भात, वर तूप. पुढे कधीतरी तुझ्यावर ही वेळ येईल म्हणून लिहिलं, तुझ्यावरचा राग गेला म्हणून नाही.

नीळकंठ


१४ ऑक्टोबर

अजिंक्य,

मागच्या पत्रात रागाच्या भरात तुला अरे-तुरे केलं. आता परत 'तुम्ही'वर जाणं मला जमायचं नाही. राहू दे तसंच.

तुझी चिठ्ठी दुपट्याच्या घडीत सापडली. "मला रडू यायला लागलं की मी भांडायला लागतो, मेरी यही दिक्कत है, पहिल्यापासून." एवढं तू दोन वर्षांपूर्वी मधुराला सांगितलं असतंस तर मी आज बागेत तुमच्या भेटीवर पहारा देत बसलो नसतो. पण अर्ज दिला नाहीस हे बरं केलंस.

आता त्या फळीबद्दल. तू गोविंदपुऱ्यातल्या तुझ्या कारखान्यातून ती आणलीस तेव्हा मी नाक मुरडलं होतं. फळीवर कडी, कोयंडा, बिजागरीचं छोटं दार, सायकलची घंटी, एक जुनं बटण. मला वाटलं, आता हा पोराला फिटर करणार. मी ती आधी स्वतःच्या हाताने चाचपली, तुला आठवत असेल, आणि घंटीखालचा एक नट माझ्या बोटांत निघून आला. तेवढासा नट घशात अडकायला पुरतो. जे तोंडात मावेल ते तोंडात जाणार, असंच धरून चालायचं. तू वाद घातला नाहीस. परवा तीच फळी रिव्हेट मारून, कोपरे कानशीने घासून गुळगुळीत करून आणलीस. मी सगळीकडून ओढून पाहिली. काही हललं नाही.

आणि मग तो तुझ्या मांडीत बसला. खरं तर कडी नीट दिसावी म्हणून सरकत सरकत तो मांडीत आला आणि आपण कुठे बसलो आहोत हे त्याच्या लक्षातही आलं नाही. तुझ्या आलं. तू श्वाससुद्धा जपून घेत होतास. पाय आखडला तरी हलला नाहीस.

फक्त एक. कडी अडकली की तू लगेच हात घालतोस. घालू नकोस. त्याला खटपट करू दे, चिडू दे. अगदीच वैतागून तुझ्याकडे बघेल तेव्हा त्याचा हात धरून कडी हलव, स्वतः उघडून दाखवू नकोस.

गेले कित्येक महिने मी वाट्या, ओढण्या आणि डबे घेऊन त्याच्यामागे आहे. तू एक फळी आणलीस आणि त्याने दुसऱ्या कशाकडे पाहिलं नाही. काल त्याने खालच्या कपाटाची कडी उघडून सगळी कणीक जमिनीवर घेतली. मधुराने विचारलं, हे कुठे शिकला? मी सांगितलं. ती केर काढत राहिली.

नीळकंठ


४ नोव्हेंबर

प्रिय अजिंक्य,

परवाचं लिहायला दोन दिवस लागले.

वेळ संपली. मी लिहिलं होतं तसं तू त्याला समोर उभं केलंस, टाटा म्हणालास, रविवारी येतो म्हणालास. मी त्याला उचललं. आणि त्याने माझ्या हातात कमान केली, पाय झाडले, तुझ्याकडे दोन्ही हात पसरले आणि "बाबा, बाबा" म्हणून ओरडला. बागेत सगळे बघत होते. पहिल्या दिवशीही सगळे असेच बघत होते. तू पुढे आला नाहीस, जागेवर हात हलवत उभा राहिलास, डोळे वाहत असताना. ते बरोबर केलंस. पुढे आला असतास तर त्याला वाटलं असतं की रडलं की जाणं टळतं.

ज्यासाठी हे सगळं केलं ते झालं. आता मला आनंद झाला असं लिहायला हवं. झाला नाही. मला तुझा हेवा वाटला. हे मूल रडलं की माझ्याकडे येतं, जन्मापासून. परवा ते माझ्याकडे यावं लागलं म्हणून रडलं. मी त्याला घट्ट धरून चालत होतो आणि तो माझ्या खांद्यावरून मागे बघत होता. जेवण गेलं नाही मला त्या दिवशी.

आणखी एक. मधुरा फाटकाबाहेर गाडीत होती. त्या दिवशी पहिल्यांदाच आम्हाला न्यायला आली होती, आणि थोडी लवकर आली होती. किती वेळ बघत होती ते मला माहीत नाही. गाडीत शार्दूल हुंदके देत झोपला. मग ती म्हणाली, "हे तुम्ही शिकवलंत त्याला?"

मी म्हटलं, "रडायला कुणी शिकवत नाही, मधुरा."

"बाबा, तुम्ही नक्की कुणाचे आहात? खरं सांगा मला."

ती माझी मुलगी आहे. तू तिला ज्या अवस्थेत दारात सोडलंस ती मी पाहिली आहे, तिचे पाय सुजले होते आणि हातात एक पिशवी होती. त्या मुलीसमोर मी तुझी बाजू कशी घेऊ? घरी आलो, वरण लावलं. उत्तर द्यायचं राहिलं.

संध्याकाळी ती कपडे घड्या करत होती. मान वर न करता म्हणाली, "अजिंक्य खाली बसतो? जमिनीवर?"

"पूर्ण वेळ."

"लग्नानंतर कधी बसला नाही. गवताने पँट खराब होते म्हणायचा." मग बराच वेळ ती एकच झबलं घडी करत राहिली.

यातून तुमचं पुन्हा जुळेल असा अर्थ काढू नकोस. तिने अर्ज मागे घेतलेला नाही आणि घे असं मी सांगणारही नाही. तिला जे सोसावं लागलं ते तू एका फळीने भरून काढू शकत नाहीस. तू शार्दूलचा बाप हो. तेवढंच माझ्या हातात आहे आणि तुझ्याही.

नीळकंठ


१० डिसेंबर

प्रिय अजिंक्य,

आमच्या जबाबाच्या वेळी तुला बाहेर थांबवलं होतं, म्हणून आत काय झालं ते लिहितो.

न्यायाधीश बाईंनी विचारलं, काय पाहिलंत? मी माकडापासून सुरुवात केली. तुझे वकील माझ्याकडे असे बघायला लागले जसा मी घरभेदी आहे. वाट्या सांगितल्या, चमचा सांगितला, गुपचूप गेलास ते सांगितलं. तापाच्या वेळी अर्ज द्यायला निघाला होतास तेही सांगितलं. मग आमचे वकील खूश झाले. मग फळी सांगितली आणि शेवटी म्हटलं, "पहिल्या दिवशी मूल वडिलांकडे जाताना रडलं. आता त्यांच्याकडून येताना रडतं. मी दोन्ही पाहिलं."

बाईंनी मधुराला विचारलं, मुलाने एक रात्र वडिलांकडे राहायला तुमची हरकत आहे का? ती माझ्याकडे बघेल असं वाटलं होतं. तिने पाहिलं नाही. ती म्हणाली, "नाही." इतक्या हळू की बाईंना पुन्हा विचारावं लागलं.

तेव्हा दर पंधरा दिवसांनी शनिवारी संध्याकाळपासून रविवार दुपारपर्यंत, अशोका गार्डनला, तुझ्या घरी. मी बरोबर नसेन. पहिली वेळ वीस तारखेला.

नीळकंठ


१९ डिसेंबर

चिरंजीव अजिंक्य यास अनेक आशीर्वाद.

उद्या मधुरा स्वतः त्याला सोडायला येणार आहे. दारातच देईल, आत ये असा आग्रह करू नकोस. पाणी विचार.

पिशवीत त्याची रोजची चादर आहे. धुतलेली नाही, मुद्दाम. घराचा वास राहू दे तिला. लोकरीची टोपी तो काढून टाकतो, तू पुन्हा घाल, तो पुन्हा काढेल, याचाच खेळ कर. थंडी आहे म्हणून गरम पाण्याची बादली न्हाणीघरात भरून ठेवू नकोस, थंड पाण्याचीही नको. चहा जमिनीवर ठेवायचा नाही. अख्खा शेंगदाणा नाही, द्राक्ष द्यायचं तर उभं चिरून. पलंगावर एकट्याला सोडून फोन घ्यायला जाऊ नकोस. तुझ्या गॅलरीच्या गजांत किती अंतर आहे ते मला माहीत नाही, दार लावूनच ठेव. आणि वरची कडी लाव, खालची त्याला येते. ते तूच शिकवलं आहेस.

तुझ्या घरामागून आगगाड्या जातात. त्याला ते माहीत नाही. अंधार पडायच्या आत त्याला खिडकीत घेऊन एखादी गाडी दाखव. 'गाडी गेली, टाटा' म्हण. मग अंधारात आवाज आला तरी तो कसला ते त्याला ठाऊक असेल.

वरणभात कालवून पुढे ठेव आणि तूही शेजारी बसून जेव. भरवू नकोस. अर्धा अंगावर सांडेल, अर्धा पोटात जाईल, तेवढा पुरतो.

झोपायच्या वेळी तो आईला शोधेल. घरभर हिंडेल, पडद्यामागे बघेल. तेव्हा त्याला खेळण्याने भुलवू नकोस. 'आई घरी आहे, उद्या येणार' एवढंच सांग, जितक्या वेळा शोधेल तितक्या वेळा. रडला तर रडू दे, पण कडेवर. मला फोन करू नकोस. म्हणजे खरंच काही झालं तर कर. मी जागाच असेन.

आता राहिलेलं एक. हे मी आजवर कुठल्या पत्रात लिहिलं नाही. विसरलो नव्हतो. बाकी सगळं तुला दिलं, हे एवढं माझ्यापाशी राहावं असं वाटत होतं. पण त्याशिवाय तो झोपत नाही आणि उद्या मी तिथे नसेन.

झोप आली की त्याला दुसऱ्याचा कान लागतो. मधुराच्या कानातलं त्याच्या बोटांना टोचतं, म्हणून तो माझाच धरतो, अगदी तान्हा होता तेव्हापासून. त्याला तुझ्या डाव्या बाजूला निजव आणि दिवा मालव. तो तुझ्या तोंडावरून हात फिरवेल, नाक चाचपेल, दाढी चाचपेल, क्षणभर थांबेल, कारण माणूस वेगळा आहे. तेव्हा काही बोलू नकोस. डोकं जरा खाली कर, म्हणजे त्याचा हात पोचेल. तो कानाची पाळी चिमटीत धरेल आणि ओढेल. दुखतं थोडं. हात सोडवू नकोस. झोप लागली की बोटं आपोआप सुटतात.

नीळकंठ